अ‍ॅड्रिनल ग्रंथी टेन्शनने थकत नाहीत, आणि खरंच बंद पडल्या तर सैंधव-नारळपाण्याने सुरू होत नाहीत

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणांकडून आलाय. आधी मामेबहीण, मग खालच्या मजल्यावरच्या काकू, मग ऑफिसमधली मैत्रीण, आणि शेवटी ताईच्या सासूबाई. पहिले तीन मी सोडून दिले होते पण सासूबाईंचा आला तेव्हा पोटात गोळाच आला, कारण ताईला खरोखरचा अ‍ॅड्रिनलचा आजार आहे, अ‍ॅडिसन्स, म्हणजे या ग्रंथीच काम करेनाशा होणं, गेली सहा वर्षं, आणि त्या मेसेजमधली शेवटची ओळ तिने मनावर घेतली असती तर आम्हाला तिला पुन्हा अतिदक्षता विभागात बघावं लागलं असतं. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. सहा वर्षं ताईबरोबर ओपीडीबाहेर बसून, डॉक्टरांना विचारून विचारून आणि घरी येऊन वाचून जे पक्कं कळलंय तेवढंच लिहिते.

मेसेज ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सकाळी उठल्यावर थकवा, दुपारी चारला डोळे मिटतात, खारट-गोड खावंसं वाटतं, चिडचिड होते, म्हणजे तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्यात. टेन्शनमुळे कॉर्टिसोल बनवून बनवून त्या रिकाम्या झाल्यात. हे रक्ताच्या टेस्टमध्ये दिसत नाही म्हणून डॉक्टर मानत नाहीत, घरीच डोळ्यात टॉर्च मारून तपासा. कॉर्टिसोल बनवायला शरीर बाकीच्या हार्मोन्सचा माल चोरतं म्हणून पाळी बिघडते. चहा-कॉफी बंद करा, रोज सकाळी संत्र्याचा रस, नारळपाणी आणि सैंधव मिसळून प्या, अश्वगंधा आणि 'अ‍ॅड्रिनल सपोर्ट' कॅप्सूल घ्या, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आजच बंद करा कारण त्याच ग्रंथी मारतात.

आता या ग्रंथी काय आहेत ते आधी, नाहीतर पुढचं काही लागणार नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, वृक्क म्हणजे किडनी, तिच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी, एकेकीचं वजन जेमतेम ४ ते ५ ग्रॅम. उजवीकडची त्रिकोणी, डावीकडची अर्धचंद्रासारखी. दिसायला एक पण आत दोन वेगळे अवयव आहेत, वरची साल आणि आतला गाभा, आणि दोघांचं काम वेगळं, दोघांना हुकूम देणारे पण वेगळे. सालीचे तीन थर. सगळ्यात बाहेरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो, जे किडनीला सांगतं की मीठ म्हणजे सोडियम धरून ठेव आणि पोटॅशियम बाहेर टाक, त्यावर बीपी टिकून असतं. मधला जाड थर कॉर्टिसोल बनवतो, हे साखर खाली जाऊ देत नाही, रक्तवाहिन्यांना बीपी सांभाळायला मदत करतं, सूज आणि प्रतिकारशक्तीला आवरून धरतं. आतला थर डीएचईए वगैरे पुरुषी जातीचे सौम्य हार्मोन बनवतो, हो, बायकांमध्येसुद्धा.

आणि गाभा बनवतो अ‍ॅड्रिनलिन, बरोबर थोडं नॉरअ‍ॅड्रिनलिन. रात्री गाडीमागे कुत्री लागतात तेव्हा छाती धडधडते, तळहात घामेजतात, ते हे. त्याला हुकूम थेट मज्जातंतूतून येतो म्हणून सेकंदात काम सुरू, आणि रक्तात ते काही मिनिटांतच मोडूनही जातं. गंमत म्हणजे नाव सगळ्यांना अ‍ॅड्रिनलिनचं माहीत असतं (जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०१ साली ते शुद्ध रूपात काढलं होतं) पण जगायला अडतं ते सालीवाचून. ज्यांच्या दोन्ही ग्रंथी ऑपरेशनने काढल्यात त्यांना आयुष्यभर कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉनच्या बदली गोळ्या द्याव्याच लागतात, अ‍ॅड्रिनलिन मात्र द्यावं लागत नाही, कारण ते काम बरंचसं बाकीच्या मज्जातंतूंकडून निभावून जातं.

आता मेसेजकडे.

"टेन्शनमुळे कॉर्टिसोल बनवून बनवून ग्रंथी रिकाम्या होतात"

ही सगळ्या मेसेजची मुळी आहे आणि हीच चूक आहे. रिकामं व्हायला आधी भरलेलं असावं लागतं ना, कॉर्टिसोलचा साठा ग्रंथीत नसतोच मुळी. दिवाळीचे लाडू डब्यात भरून ठेवावे तसं ते नाही, पाहुणे आले की तवा ठेवून गरम भाकरी थापावी तसं आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग मेंदूखालच्या पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीला निरोप देतो, पियूषिका एसीटीएच नावाचा हार्मोन रक्तात सोडते, तो अ‍ॅड्रिनलपर्यंत पोचला की तिथे कोलेस्टेरॉलपासून ताजं कॉर्टिसोल बनतं. पुरेसं झालं की तेच कॉर्टिसोल वर जाऊन मेंदूला आणि पियूषिकेला सांगतं, बास, थांबा. रोजचं काम १० ते २० मिलिग्रॅममध्ये भागतं, पण मोठं ऑपरेशन झालं किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरला की याच ग्रंथी कितीतरी पटीने जास्त बनवतात. म्हणजे ज्यांना बॉसच्या मेसेजने आणि मुलाच्या दहावीने गार केलंय असं आपल्याला सांगितलं जातंय त्यांची खरी ताकद एवढी आहे.

मेसेजमध्ये तीन स्टेज सांगितल्यात, धोका, झुंज आणि शेवटी थकवा. हे शब्द हवेतून आलेले नाहीत, हान्स सेल्ये नावाच्या संशोधकाच्या कामावरून आलेत. त्याने १९३६ साली उंदरांवरचे प्रयोग छापले होते, उंदरांना थंडीत ठेवायचं, जखमा करायच्या, विषारी द्रव्यं द्यायची. पण त्या उंदरांच्या अ‍ॅड्रिनल उघडून बघितल्यावर काय दिसलं माहितीये का, त्या मोठ्या झाल्या होत्या! सुकल्या नव्हत्या. जास्त एसीटीएच मिळालं की ती ग्रंथी वाढते, व्यायामाने दंड वाढावा तशी. ज्या प्रयोगाचा आधार घेऊन ग्रंथी थकल्याचं सांगितलं जातं त्याच प्रयोगात ग्रंथी दुप्पट जोमाने कामाला लागलेली दिसते, हे वाचलं तेव्हा मला त्या मेसेजचा खरंच राग आला.

'अ‍ॅड्रिनल फटिग' हे नाव १९९८ साली जेम्स विल्सन नावाच्या अमेरिकन कायरोप्रॅक्टर आणि निसर्गोपचारवाल्याने काढलं, हार्मोनच्या डॉक्टरांच्या कोणत्याही संघटनेने नाही. २०१६ साली ब्राझीलच्या दोन एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, थकवा आणि कॉर्टिसोल यावरचे ५८ अभ्यास एकत्र करून तपासले, कुणी सकाळचं मोजलं होतं, कुणी लाळेतलं, कुणी दिवसभराचं, आणि निकाल एकमेकांशी जुळेनात. थकलेल्या माणसाच्या ग्रंथी थकलेल्या असतात असा पुरावा त्यातून निघाला नाही आणि तसं त्यांनी शीर्षकातच लिहून टाकलं.

"रक्ताच्या टेस्टमध्ये दिसत नाही, टॉर्चने बघा"

ग्रंथी खरंच काम करत नसतील तर टेस्टमध्ये दिसतं, अगदी ठळक दिसतं. सकाळी आठच्या आसपास रक्त घेऊन कॉर्टिसोल बघतात. दर डेसीलिटरला ३ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर मोठी शंका, १५-१८ च्या वर असेल तर बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. मधलं आलं तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन अर्ध्या आणि एक तासाने पुन्हा मोजतात, म्हणजे ग्रंथीला मुद्दाम हुकूम द्यायचा आणि ती उठते का बघायचं. ताईचं सकाळचं होतं १.१ आणि इंजेक्शननंतर १.३. म्हणजे हुकूम गेला, पण उठायला तिथे कुणी उरलंच नव्हतं.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण यात चांगले शिकलेले लोक फसतात. कॉर्टिसोलला घड्याळ आहे. पहाटे ते चढायला लागतं, जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात शिखराला जातं, मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला. त्यामुळे कुणी ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी सहाला जाऊन पॅकेजमधली टेस्ट केली आणि आकडा ४ आला तर तो आजार नाही, ती संध्याकाळ आहे. माझ्या मैत्रिणीने हेच केलं होतं आणि दोन रात्री झोपली नाही. रात्रपाळी करणाऱ्यांचं घड्याळ तर आणखीनच फिरलेलं असतं, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर रक्तातला एकूण आकडा खोटा वाढलेला दिसतो, म्हणून वेळ आणि चालू औषधं सांगितल्याशिवाय या टेस्टला अर्थ नाही. लाळेच्या चार वेळच्या टेस्टची पॅकेजं हल्ली विकतात, त्यातली रात्री उशिराच्या लाळेची टेस्ट खरी कामाची आहे पण ती उलट्या आजारासाठी, म्हणजे कॉर्टिसोल जास्त होण्यासाठी, ज्याला कुशिंग म्हणतात.

टॉर्चचं सांगायचं तर डोळ्यात उजेड टाकला की बाहुली लहान होते आणि मग थोडी लहानमोठी होत राहते, हे सगळ्यांचंच होतं, तुमच्या मुलाचं करून बघा. पटकन उभं राहिल्यावर चक्कर येणं हे खऱ्या आजारात असतं, पण पाणी कमी प्यायलेल्याला, बीपीची गोळी चालू असलेल्याला, जुन्या शुगरवाल्यालाही असतं.

"बाकी हार्मोन्सचा माल चोरीला जातो"

याला ते प्रेग्नेनोलोनची चोरी म्हणतात, प्रेग्नेनोलोन म्हणजे हे हार्मोन ज्यापासून बनतात तो कच्चा माल. ऐकायला शास्त्रीय वाटतं पण शरीरात प्रेग्नेनोलोनचं एक सामाईक कोठार नसतं जिथून एकाने उचललं तर दुसऱ्याला कमी पडेल. प्रत्येक थरातली पेशी आपल्यापुरतं प्रेग्नेनोलोन स्वतःच्या आत बनवते. आणि पाळी चालवणारं इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन मुख्यतः बीजाशयातून येतं. टेन्शनने पाळी लांबते हे खरं आहे, पण ते मेंदूकडून बीजाशयाला जाणारे निरोप मंदावल्यामुळे, कुणी माल चोरल्यामुळे नाही.

"चहा-कॉफीने ग्रंथी पिळून निघतात"

कॅफिनने कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनलिन थोडा वेळ वाढतं, रोज पिणाऱ्यात तो परिणाम बराच कमी होतो. संध्याकाळचा कडक चहा झोप उडवत असेल तर जरूर सोडा, झोपेसाठी सोडा. ग्रंथीला त्याने काही होत नाही.

"संत्र्याचा रस, नारळपाणी आणि सैंधव"

यात अर्धं सत्य आहे म्हणून जास्त धोकादायक वाटतं मला. अ‍ॅडिसन्समध्ये मीठ खावंसं वाटतं, भयंकर वाटतं. ताई आजारी पडायच्या आधी लोणच्याचा खार वाटीत घेऊन प्यायची, हातावर मीठ घेऊन चाटायची, आणि आम्ही हसायचो, हे आठवलं की आजही बरं वाटत नाही. अल्डोस्टेरॉनच नाही तर किडनीतून मीठ वाहून जातं, शरीर मागणारच. पण ज्याचं अल्डोस्टेरॉन ठीक आहे त्याला वेफर्स खावेसे वाटतात याचं कारण वेफर्स चविष्ट असतात एवढंच. सैंधव म्हणजे पण सोडियम क्लोराइडच, रंग गुलाबी असला तरी, आणि बीपी असलेल्या काकूंना रोज उपाशीपोटी मिठाचं पाणी प्या सांगणं हे कुणाचं भलं करणं नाही. काही जणांचं बीपी तर अल्डोस्टेरॉन जास्त बनल्यामुळेच वाढलेलं असतं (जेरोम कॉन या डॉक्टरने १९५५ साली हा आजार दाखवला, आजही खूप जणांत तो तपासलाच जात नाही), त्यांनी मीठ वाढवणं म्हणजे आगीत तेल.

आता दुसरी बाजू. संत्र्यात आणि नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. निरोगी किडनी ते बाहेर टाकते. पण ज्याच्या अ‍ॅड्रिनल खरंच गेल्यात त्याचं पोटॅशियम आधीच वर असतं. ताईला मिरजेला नेलं त्या रात्री सोडियम खाली ११८ वर आणि पोटॅशियम चढून ६.२ वर होतं, आणि पोटॅशियम असं वर गेलं की हृदयाचे ठोके चुकतात, थांबू शकतात. म्हणजे हे पेय ज्या आजाराच्या नावाने खपवलं जातंय तो आजार असलेल्या माणसालाच ते सगळ्यात घातक. किडनीच्या पेशंटला, आणि स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल, टेल्मिसार्टन अशा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनाही ते रोज घेणं धोक्याचं, आणि टेल्मिसार्टन तर आपल्याकडे घरोघरी आहे.

"अश्वगंधा आणि अ‍ॅड्रिनल सपोर्ट कॅप्सूल"

जरा थांबून विचार करा. मेसेज म्हणतो कॉर्टिसोल संपलंय. अश्वगंधा विकणारे म्हणतात ती कॉर्टिसोल कमी करते, काही छोट्या अभ्यासांत तसं थोडं दिसलंही आहे. मग संपलेलं आणखी कमी करायचं का? दोन्ही एकाच मेसेजमध्ये कसं बसतं? अश्वगंधा आपल्या घरातली, आजी दुधातून द्यायची, त्यामुळे तिच्याबद्दल वाईट लिहिताना हात अडखळतो, पण चिमूटभर चूर्ण आणि महिनोन्महिने घेतलेला तीव्र अर्क या दोन गोष्टी आहेत, त्या अर्काने काही जणांना कावीळ आणि लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी छापल्यात, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली.

कॅप्सूलचं प्रकरण आणखी गंभीर. २०१८ साली अमेरिकेत बाजारातल्या अशा १२ 'अ‍ॅड्रिनल सपोर्ट' उत्पादनांची प्रयोगशाळेत तपासणी झाली. बाराच्या बारांमध्ये थायरॉईडचा हार्मोन सापडला, आणि ७ मध्ये कुठला ना कुठला स्टेरॉइड हार्मोन. लेबलवर त्यांचा पत्ता नाही. आता कळलं का की "मला आठवड्यात फरक पडला" असं लोक मनापासून का सांगतात, ते खोटं बोलत नाहीयेत, त्यांना फरक पडलेला असतोच, चोरून दिलेल्या हार्मोनने. आणि बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की आतली ग्रंथी खरोखर झोपते. म्हणजे नसलेल्या आजाराच्या औषधाने खरा आजार.

"स्टेरॉइड आजच बंद करा"

ही ती ओळ. याच्यासाठीच सगळं लिहिलंय, बाकी नाही वाचलं तरी चालेल, एवढं वाचा.

दमा, संधिवात, ल्युपस, त्वचेचे आजार, किडनीचे काही आजार, यात प्रेडनिसोलोन किंवा तशीच कॉर्टिसोलसारखं काम करणारी स्टेरॉइडची गोळी महिनोन्महिने चालू असते. बाहेरून एवढं मिळतंय म्हटल्यावर मेंदू एसीटीएच पाठवणं बंद करतो, आणि एसीटीएच नाही तर अ‍ॅड्रिनलचा मधला थर आक्रसतो. तीन-चार आठवड्यांच्या वर रोज गोळी झाली असेल तर हे गृहीत धरून चालावं लागतं. गोळी हळूहळू उतरवली तर ग्रंथी हळूहळू जागी होते, कधी काही आठवडे, कधी कित्येक महिने. पण एका मेसेजवरून एका दिवसात बंद केली तर बाहेरून येणारं बंद आणि आतून बनत नाही. त्यात ताप आला, जुलाब झाले, पडून हाड मोडलं, तर बीपी कोसळतं, उलट्या, पोटात दुखणं, ग्लानी, आणि माणूस जातो. याला अ‍ॅड्रिनल क्रायसिस म्हणतात. मग पेशंट गेल्यावर तोच मेसेज फिरतो की बघा स्टेरॉइडने मारलं. मारलं ते अचानक बंद करण्याने.

आणि जे स्टेरॉइड घेताहेत हे त्यांनाच माहीत नसतं ते वेगळे. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, 'दोन दिवसांत दमा बंद'वाली पांढरी गोळी, गोरं करणारं क्रीम वर्षानुवर्षं तोंडाला. पुडीने चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय काडीसारखे होतात, अंगावर जांभळे व्रण उठतात, आणि मग कुणीतरी सांगतं की सोड ती पुडी, आणि सोडल्यावर चार दिवसांत माणूस आडवा. आमच्या भागात ऊसतोडीला आलेल्या एका आजींचं असंच झालं होतं, ताईच्या शेजारच्या खाटेवर होत्या, त्यांच्या सुनेच्या कमरेच्या पिशवीत त्या पुड्या अजून होत्या.

स्टेरॉइड हे सोनंही नाही आणि विषही नाही. १९४८ साली फिलिप हेंच यांनी संधिवाताने खिळलेल्या बाईला कॉर्टिसोन हे कॉर्टिसोलच्या जातीचं स्टेरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली, १९५० चं नोबेल त्यांना आणि केंडल, राइखश्टाइन या तिघांना त्याच कामासाठी मिळालं. कोरोनात ऑक्सिजनवरच्या पेशंटचे मृत्यू डेक्सामेथासोनने कमी झाले हे २०२० मध्ये सिद्ध झालं, आणि तेच स्टेरॉइड २०२१ च्या लाटेत गरज नसलेल्यांनाही, जास्त डोसमध्ये, शुगर न बघता दिलं गेलं तेव्हा काळ्या बुरशीच्या केसेस वाढायला त्याचाही हात होता, आपल्या महाराष्ट्राने ते जवळून पाहिलंय. कुणाला, किती, किती दिवस, आणि कसं उतरवायचं, सगळा प्रश्न एवढाच आहे आणि तो डॉक्टरसमोर बसूनच सुटतो.

ताईची गोष्ट तर आणखी निराळी. तिची हायड्रोकॉर्टिसोनची, म्हणजे कॉर्टिसोलचीच, गोळी म्हणजे औषध असं नाहीच, तिचं शरीर जे बनवत नाही ते तोंडाने देणं आहे, सकाळी जास्त, दुपारी कमी, शरीराच्या घड्याळासारखं, आणि अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन. ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट, उलट्या होत असतील तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि तडक दवाखाना. पर्समध्ये कार्ड आहे, मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरही लिहिलंय. कॉर्टिसोन येण्याआधी या आजाराची माणसं वाचत नसत. ते आल्यावर हाच आजार असलेले जॉन केनेडी, ज्यांना १९४७ मध्ये लंडनमध्ये निदान झालं होतं, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

"डॉक्टर हे मानत नाहीत, लपवतात"

इथे मी डॉक्टरांची वकिली करणार नाही. ताईचं निदान व्हायला चौदा महिने लागले. अकरा किलो वजन उतरलं, बीपी ९० च्या वर जाईना, आणि ती काळवंडत गेली. एकाने टेन्शनची गोळी दिली, एकाने टॉनिक, एकाने तर गोरं व्हायचं क्रीम लिहून दिलं. नातेवाईक म्हणायचे उन्हात फिरू नकोस. काळेपणा उन्हाचा नव्हता, कारण तो तळहाताच्या रेषांत होता, बोटांच्या पेरांवर, हिरड्यांवर, सिझेरियनच्या जुन्या व्रणावर होता, ऊन पोचत नाही अशा जागी. ग्रंथी उत्तर देत नाही म्हणून पियूषिका एसीटीएच ओतत राहते, आणि त्या जास्तीच्या एसीटीएचने कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशीही चाळवतात. थॉमस अ‍ॅडिसनने लंडनमध्ये १८५५ सालीच हा काळवंडणारा रंग, अशक्तपणा आणि बिघडलेल्या अ‍ॅड्रिनल यांचा संबंध लिहून ठेवला होता. म्हणजे लपवलेलं काही नाही, दीडशेहून जास्त वर्षं छापलेलं आहे, ते आठवायला हवं त्यावेळी आठवलं गेलं नाही ही माझी तक्रार आहे. आणि 'टेन्शनने अ‍ॅड्रिनल थकल्या' या मेसेजने ते आठवणं आणखी अवघड होणार, कारण उद्या खरा पेशंट आला तरी समोरच्याला वाटेल हा पण मोबाइलवर वाचून आलाय.

ताईच्या ग्रंथी टीबीने गेल्या. पाश्चात्त्य देशांत आता बहुतेकदा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथी खाते, पण आपल्याकडे टीबी अजूनही मोठं कारण आहे, अ‍ॅडिसनच्या पहिल्या पेशंटांतही बऱ्याच जणांना टीबीच होता. लक्षणं दिसेपर्यंत दोन्हीकडच्या सालीचा साधारण ९० टक्के भाग गेलेला असतो, एवढी शिल्लक या ग्रंथी बाळगून असतात. आणि टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन शरीरातलं कॉर्टिसोल लवकर मोडतं, म्हणून ते सुरू करताना ताईचा डोस वाढवावा लागला, नाही वाढवला तर औषध सुरू झाल्यावरच पेशंट कोसळतो. टीबीचं औषध सुरू केल्यावर कुणी आणखीच गळून गेलं, चक्कर येऊन पडायला लागलं, तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

बाकी ज्यांना थकवा आहे, त्यांचा थकवा खरा आहे, मी तो खोटा म्हणत नाहीये. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला, निम्म्याहून जास्त. त्याशिवाय थायरॉईड, बी-१२, शुगर, घोरण्यातला श्वास अडकणं, डिप्रेशन, चाळिशीनंतरचे पाळीचे बदल, आणि पहाटे पाण्यासाठी उठून रात्री साडेअकराला ओटा पुसणं. यातल्या प्रत्येकाला नाव आहे, टेस्ट किंवा निदान एक सरळ प्रश्न आहे, आणि उपाय आहे. वजन उतरतंय, रंग काळवंडतोय, मिठाची हाव आणि उभं राहिल्यावर चक्कर, असं एकत्र दिसलं तर मात्र सकाळी आठचं कॉर्टिसोल, सोडियम, पोटॅशियम मागून घ्या, डॉक्टरने सुचवायची वाट बघू नका.

मामेबहिणीला मी मेसेजला उत्तर म्हणून फक्त एवढंच लिहिलं होतं की आधी सीबीसी कर. हिमोग्लोबिन ७.९ निघालं, चार वर्षं पाळीत अंगावरून किती जातंय हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. आता सोनोग्राफी झालीय, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली गाठ आहे, लोहाची गोळी सुरू झालीय. कॅप्सूलची बाटली अडीच हजारांची आहे म्हणून टाकवत नाहीये तिला, पण सील अजून फोडलेलं नाही.